न फाटणाऱ्या पिशव्या

“धर! धर! फाटली!”

यालान ओरडली खरी, पण तिचा धाकटा भाऊ चियान तोंड वासून बघतच राहिला. पिशवीचा तळ उसवला आणि आतला भलामोठा हेकरू धप्पकन भर रस्त्यात पडला. मासा जिवंत होता. त्याने एक उडी मारली ती थेट एका स्कूटरपुढे! स्कूटरवाल्या बाईने करकचून ब्रेक दाबला, मागचा तिच्यावर ओरडला, ती यालानवर ओरडली आणि मासा सरपटत गटाराकडे निघाला.

“बघतोस काय? पकड ना!”

“तो चावतो, ताई!”

शेवटी यालाननेच त्याला दोन्ही हातांनी कवटाळलं. नवा सदरा खवल्यांनी आणि चिखलाने माखला. ज्यांच्या घरी मासा पोचवायचा होता त्या आजोबांनी तो बघून नाक मुरडलं. “रस्त्यावर लोळवून आणलाय होय? नको मला. दुसरा आण.”

“आणते, आजोबा,” ती म्हणाली आणि दात-ओठ खात परत फिरली. सुट्टी लागून आठवडा झाला नव्हता आणि असा प्रकार तिसऱ्यांदा घडत होता!

हाइनान बेटावर प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आली, तेव्हापासून बंदरावरच्या मंडईत या हिरव्या शिक्क्याच्या पिशव्या आल्या होत्या. मक्यापासून करतात म्हणून सगळे त्यांना मक्याच्या पिशव्या म्हणत. जमिनीत पुरली की काही महिन्यांत पिशवी नाहीशी होते म्हणे. ते कुणी पाहिलं नव्हतं. गिऱ्हाइकाच्या हातातून चालता चालता नाहीशी होते, हे मात्र सगळ्यांनीच पाहिलं होतं. कोंबडीची नखं लागली की फाटली, उसाचं टोक लागलं की फाटली, नुसतं जरा जास्त वेळ हातात धरली तरी फाटली! घरून टोपली आणावी, असं लाउडस्पीकरवरून रोज सांगत. पण कामावरून स्कूटरने परतताना लोक मंडईत शिरत, तेव्हा टोपली घरी दाराआडच असे. मग सगळे मिळून दुकानदारांवर चिडत.

“पिशवीचे पैसे घेता आणि अशी पिशवी देता?” गिऱ्हाइकं मासे विकणाऱ्या यालानच्या आईला विचारत.

“मी काय घरी विणते का पिशव्या?” आई म्हणे. “हान साहेबांच्या कोठारातून घ्याव्या लागतात. त्यांना विचारा.”

हान साहेब म्हणजे मंडईचे व्यवस्थापक. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, हातात चहाची बाटली. त्यांना विचारायची कुणाची छाती नव्हती.

आणि मग एके दिवशी पिशव्या फाटायच्या थांबल्या.

शिक्का तोच, रंग तोच, कोठारही तेच. पण मासा, बर्फ, वर मूठभर शिंपल्या, सगळं घातलं तरी पिशवी हूं की चूं करेना! गिऱ्हाइकं खूश झाली. शेजारच्या गाळ्यावर टोफू विकणाऱ्या पांगमावशी तर पिशवी ताणून ताणून सगळ्यांना दाखवत होत्या. “आता कशा सुधारल्या बघा! हान साहेबांनी वर बोलून नवा माल मागवला.”

“एवढ्या लवकर सुधारल्या?” यालान पुटपुटली.

“तुला फाटली तरी दुःख, नाही फाटली तरी दुःख!” तिंगफे हसला. तिंगफे चिंबोऱ्या विकणाऱ्या काकांचा मुलगा. यालानपेक्षा दोन इयत्ता पुढे, म्हणून प्रत्येक गोष्टीत तिची टिंगल करायचा हक्क आपल्याला आहे, असं त्याला वाटे.

ते हसू फार दिवस टिकलं नाही. वसंत सण, म्हणजे नव्या वर्षाचा सण, तोंडावर आला होता. वर्षअखेरच्या रात्री ताटात अख्खा मासा नसेल असं घर बेटावर सापडायचं नाही. आईने वर्षभरातला सगळ्यात मोठा माल भरला होता. टाक्यांमध्ये हेकरू आणि सरंगे दाटीवाटीने फिरत होते. आणि नेमक्या त्याच आठवड्यात तपासणी आली.

तपासणीच्या युन बाई गाळ्यागाळ्यावर जाऊन पिशवीवर एक छोटंसं यंत्र टेकवत होत्या. सगळीकडे हिरवा दिवा लागला. आईच्या गाळ्यावर लाल.

“ही प्लास्टिकची आहे. बंदी असलेली,” युन बाई म्हणाल्या.

“कसं शक्य आहे?” आई गोंधळली. “कोठारातूनच घेतल्यात!”

हान साहेब लगबगीने पुढे आले. “बाई, मी सगळ्यांना एकच माल देतो. बाकीच्यांचा तपासलात ना तुम्ही? हिने बाहेरून स्वस्तातला आणला असणार.”

“खोटं बोलतायत हे!” यालान ओरडली. “पांगमावशी, सांगा ना तुम्ही! तुमच्याकडे पण त्याच होत्या!”

पांगमावशींनी मान खाली घालून टोफूवरचं फडकं सारखं केलं. चिंबोरीवाले काका आभाळाकडे बघू लागले. एवढी मोठी मंडई, एरवी एका वेळी दहा जण बोलतात, पण त्या क्षणी कुणाला कंठच फुटेना.

गाळ्यावर कागदाची पट्टी चिकटली. सणानंतर चौकशी होईपर्यंत विक्री बंद. माशांना हवा देणारा पंप तेवढा चालू ठेवायची परवानगी मिळाली. म्हणजे मासे पोहत राहणार, गिऱ्हाइकं काचेतून बघून पुढे जाणार आणि सण संपला की तोच माल कुणी फुकटही नेणार नाही. बाबा बोटीवर होते, तेही सणालाच परतणार होते. आई रिकाम्या खोक्यावर बसून राहिली. ती रडली असती तर यालानला बरं वाटलं असतं.

“मोठ्यांच्यात बोलू नकोस म्हणून किती वेळा सांगितलं तुला!” आई एवढंच म्हणाली. यालानच्या डोक्यात सणक गेली. बोलायचं नाही तर करायचं काय?

गाळ्यामागे एक रिकामी टाकी होती. यालान तिथे बसली, हाताला लागेल ती पिशवी घेऊन टराटरा फाडू लागली आणि तुकडे टाकीत भिरकावू लागली. जुन्या पिशव्या पटकन फाटत होत्या. नव्या फाडायला दात लावावे लागत होते.

“ताई, मी पण!” चियानला नवा खेळ मिळाला. तो तुकडे पाण्यात दाबून सोडू लागला. “ही बुडाली... ही पण बुडाली... ही बघ, वर आली! परत वर आली! ताई, ही बुडतच नाही!”

“गप रे जरा.”

“पण बघ ना!”

यालानने वैतागून पाहिलं आणि तिचे हात थांबले. तिने स्वतः एक जुना तुकडा पाण्याखाली दाबला, त्याच्यावरचे बुडबुडे बोटाने पुसले आणि सोडला. तो डुलत डुलत तळाशी गेला. मग नवा तुकडा दाबून सोडला. तो टुणकन वर!

“तिंगफे! तुमच्याकडची नवी पिशवी आण! पळ!”

तिंगफेच्या बाबांच्या गाळ्यावरची पिशवीही तरंगली. फळवाल्याची तरंगली. तिंगफेची टिंगल कुठल्या कुठे पळाली. “म्हणजे खरी मक्याची पिशवी बुडते. आणि या सगळ्या...”

“सगळ्या खोट्या! फाटत नाहीत त्या सगळ्या खोट्या! स्वस्तातलं प्लास्टिक देऊन मक्याचे पैसे घेतात!”

“मग त्या दिवशी आमच्याकडे हिरवा दिवा कसा लागला?”

याचं उत्तर पांगमावशींकडे होतं. तिघांनी त्यांना टाकीपाशी ओढत आणलं. तरंगणारा तुकडा पाहून त्यांचा चेहरा उतरला. “टाक तो, टाक! हान साहेबांनी पाहिलं तर माझाही गाळा जाईल. तपासणीच्या दिवशी सकाळीच फिरून बजावलं होतं त्यांनी, मजबूत पिशव्या ओट्याखाली दडवा आणि मक्याच्या वर काढा. तुझी आई बर्फ आणायला गेली होती. मी काय करणार?”

“तुम्ही तिला सांगायचं होतं!” यालानचा आवाज फाटला. “शेजारी बसता ना तिच्या?”

मावशी आपल्या गाळ्याकडे निघून गेल्या. त्यांच्याच हातचा गोड टोफू खाऊन यालान लहानाची मोठी झाली होती. तिला त्यांचा इतका राग पूर्वी कधीच आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिघांनी युन बाईंचं कार्यालय गाठलं. पहारेकऱ्याने हाकललं, तरी तिघंही बाईंच्या वाटेत जाऊन उभी राहिली. तिंगफेने हातातला पाण्याने भरलेला डबा पुढे केला. बाईंनी तुकडा बुडताना पाहिला, तरंगताना पाहिला.

“हुशार आहात. पण याने मला कळतं ते एवढंच, की ही पिशवी प्लास्टिकची आहे. ते माझ्या यंत्रानेही सांगितलं होतं. ती कुणी दिली, ते डबा सांगत नाही.”

“हान साहेबांनी!”

“असं तू म्हणतेस. मोठं माणूस एकही बोलत नाही. मी झडती मागितली की ते आधी कोठार रिकामं करतील. पिशवी त्यांच्या हातातून निघताना मला दिसली, तरच काही करता येईल.” बाई जायला वळल्या. “परवा शेवटची फेरी आहे माझी.”

“अगदी आईसारखंच! मोठ्यांना मोठंच माणूस लागतं!” यालानने वाटेतला दगड लाथाडला.

“थांब,” तिंगफे म्हणाला. “फेरीच्या दिवशी सगळीकडे मक्याच्याच पिशव्या असणार ना?”

“मग?”

“आमच्या चिंबोऱ्यांच्या नांग्या कशाने बांधतात?”

“गवताच्या दोरीने.”

“आणि समजा, एखादीची दोरी सुटली?”

यालान त्याच्याकडे बघतच राहिली. मग कितीतरी दिवसांनी पहिल्यांदाच हसली.

फेरीच्या दिवशी मंडईत पाय ठेवायला जागा नव्हती. युन बाई फिरल्या, सगळीकडे हिरवा दिवा लागला आणि हान साहेब मान डोलावत मागून चालले. फेरी संपवून हान साहेब आपल्या खोलीकडे वळले आणि बाई एकट्याच फाटकाशी पोचल्या, तेव्हा यालानने त्यांची बाही धरली. “बाई, गाडी पुढे पाठवा आणि मागच्या दाराने आमच्या गाळ्यात येऊन बसा. फक्त थोडा वेळ! काही झालं नाही तर पुन्हा तोंड दाखवणार नाही!”

बाईंनी घड्याळ पाहिलं, सुस्कारा सोडला आणि चालकाला खूण केली. पांढरी गाडी वळणाआड गेली. आपल्या दारातून ती जाताना पाहून हान साहेबांनी चहाची बाटली उघडली. इकडे बंद गाळ्यात, टाकीच्या आडोशाला, युन बाई उपड्या खोक्यावर बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी आई. “हे काय चाललंय?” ती सारखी कुजबुजत होती आणि चियान ओठांवर बोट ठेवून तिलाच गप्प करत होता.

“आई गं!”

पहिली किंकाळी चिंबोऱ्यांच्या गाळ्यापाशी उठली. एका जाड्या गृहस्थांची पिशवी टर्रकन फाटली आणि त्यातून एक हिरवीगार चिंबोरी नांग्या वर करून बाहेर आली. मागोमाग दुसऱ्या पिशवीतून दोन! बायका ओट्यांवर चढल्या. एका चिंबोरीने कोबीचा गड्डा पकडला तो सोडेना. “तिंगफे! गाढवा, दोऱ्या कुणी बांधल्या?” काका ओरडत होते. तिंगफे लगबगीने चिंबोऱ्या पकडत होता आणि पुन्हा मक्याच्याच पिशव्यांत भरत होता. त्या पुन्हा फाटत होत्या!

“कालपर्यंत चांगल्या पिशव्या होत्या!” यालान गर्दीत शिरून ओरडली. “त्या कुठे गेल्या?”

“हो ना! कुठे गेल्या?” जाडे गृहस्थ भडकले. “सणाच्या तोंडावर ही कटकट! हान साहेब, बाहेर या!”

“बाहेर या! बाहेर या!” इतक्या दिवसांचा सगळा वैताग लोकांनी हान साहेबांच्या दारावर रिता केला.

हान साहेब बाहेर आले तोच एक चिंबोरी त्यांच्या बुटावर चढली. “अरे, काढा हिला! देतो बाबांनो, देतो! गाडी गेली आता, ओरडू नका!” त्यांनी स्वतःच्या कमरेची किल्ली काढली, कोठार उघडलं आणि पुढची खोकी बाजूला सारून मागचे गठ्ठे गर्दीत फेकायला सुरुवात केली. “घ्या! या नाही फाटत! हव्या तेवढ्या घ्या!”

“मलाही एक द्या,” मागून आवाज आला.

हान साहेबांनी न बघताच गठ्ठा पुढे केला. तो युन बाईंच्या हातात पडला. त्यांनी यंत्र टेकवलं. लाल दिवा!

“ब-बाई... मलाच फसवलंय कुणीतरी! मला काय माहीत या कसल्या आहेत!”

“मग तपासणीच्या आधी ओट्याखाली दडवायला का लावल्या?” यालानने विचारलं.

“कुणी सांगितलं असं? आहे कुणी सांगणारा?” हान साहेबांनी मंडईवर नजर फिरवली. पुन्हा तीच शांतता. यालानला ओरडून रडावंसं वाटलं.

तेवढ्यात पांगमावशी खाली वाकल्या. त्यांनी ओट्याखालून पिशव्यांचा गठ्ठा ओढला आणि टोफूशेजारी आदळला. “मला सांगितलं. मी दडवल्या.” मग चिंबोरीवाल्या काकांनी आपला गठ्ठा वर ठेवला. मग फळवाल्याने. सगळ्या मंडईत गठ्ठे आदळल्याचे आवाज येऊ लागले.

कोठाराला सील लागलं आणि हान साहेबांना युन बाईंच्या मागोमाग कार्यालयात जावं लागलं. त्याआधी बाईंनी गाळ्यावरची पट्टी स्वतःच्या हाताने काढली.

“लाल दिवा बघून मी थांबले, ही मुलं थांबली नाहीत,” त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. “शाबास! पण पुढच्या वेळी चिंबोऱ्यांशिवाय जमतंय का बघा.”

“सुटलेल्या चिंबोऱ्या कोण पकडणार?” काका गुरगुरले, पण तिंगफेच्या पाठीवर थाप मारूनच.

आईने बाह्या सरसावल्या. गाळ्यापुढे रांग लागली. पिशव्या फाटत होत्या, लोक कुरकुरत होते, कुणी सदऱ्यात मासा गुंडाळून नेत होतं. सगळ्यात शेवटी पांगमावशी आल्या. त्यांनी नजर वर न करता एक मोठा हेकरू मागितला.

आईने मासा तोलला, साफ केला. यालानने सवयीने पिशवी उचलली, तर आईने ती तिच्या हातातून काढून घेतली.

“मासा देते,” ती मावशींना म्हणाली. “पिशवी नाही देणार.”

“अगं, नेऊ कसा मग?”

“हातात.”

पांगमावशींनी तो बुळबुळीत मासा तान्ह्या बाळासारखा छातीशी धरला आणि सगळ्या मंडईतून, सगळ्यांच्या देखत, चालत निघाल्या. वाटेत तो दोनदा निसटला. दुसऱ्यांदा आईच हसत हसत धावली आणि तिने शेपटीकडून हात लावला.