शून्य वेदनेची पद्धत

डॉक्टर, तुम्ही विचारलं नाहीत. बाराशे माणसांच्या कानापुढची कातडी उचललीत, तिच्याखालचा पडदा दुमडलात, त्याच्याही तळाशी हात घातलात, आणि त्यातल्या एकालाही "दुखतंय का?" एवढं विचारलं नाहीत. उलट विचारायला बंदी घातलीत. त्या बंदीला तुम्ही शास्त्र म्हणालात. आता काय झालं ते ऐका.

नागपूरच्या चेहरा-संशोधन केंद्रात डॉ. मृणालिनी ठवकर तुलनेचा अंतिम अहवाल वाचत होती. राज्याच्या मंडळाचा 'सेवाचेहरा नियम' येऊन सहा वर्षं झाली होती. सरकारी खिडकीवर बसणाऱ्या, पंचेचाळीस ओलांडलेल्या प्रत्येक माणसानं चेहरा उचलून घ्यायचा. कारण काय, तर थकलेला चेहरा पाहून जनतेचा विश्वास उडतो. रांगेत चार चार तास उभं राहून उडत नाही, चेहरा पाहून उडतो! पण कुठल्या पद्धतीनं उचलायचा, हे ठरायचं होतं. त्यासाठी ही तुलना.

पद्धती तीन. पहिली त्वचाताण: फक्त वरची कातडी ओढायची, उरलेली कापायची. सोपी, पण चार वर्षांत गाल पुन्हा खाली. दुसरी पडदादुमड: कातडीखालचा स्नायूंचा पडदा दुमडून शिवायचा. ती आठेक वर्षं टिकते. तिसरी मृणालिनीची स्वतःची, धागाउचल. पडद्याच्याही तळातून सजीव धागे ओवायचे आणि कवटीच्या हाडाला बांधायचे. हे धागे जिवंत असतात. सुरकुती पडू लागली की ते उलट्या बाजूनं ताण देतात आणि पडण्याआधीच तिला थोपवतात. नव्वद दिवसांत ते हाडाशी एकजीव होतात, मग निघत नाहीत. अंदाजे आयुष्य, वीस वर्षं.

आणि वेदना? प्रत्येक पलंगावर, प्रत्येक दारावर, प्रत्येक खिडकीवर वेदनानेत्र बसवलेला होता. चेहरा वाचून दुखण्याचा आकडा सांगणारं यंत्र. शून्य ते दहा. त्वचाताण पाच. पडदादुमड चार. धागाउचल शून्य.

शून्य! मृणालिनीनं तो आकडा तिसऱ्यांदा पाहिला आणि नकळत डाव्या कानाच्या पाळीखाली अंगठा दाबला. ती तिची सवयच झाली होती.

तेवढ्यात दार ढकलून एक बाई आत आली. सिंधू खोब्रागडे. वय बावन्न, दाखल्यांच्या खिडकीवर नोकरी, धागाउचल, एक्क्याऐंशीवा दिवस. चेहरा पस्तिशीचा. ओठांवर गोड हसू.

"बसा, सिंधूताई. काय म्हणता?"

"मरून राहिली ना जी मी," सिंधू हसत म्हणाली.

मृणालिनीलाही वाटलं, बाई गंमत करतेय. "म्हणजे?"

"म्हणजे मरून राहिली. हे इथं," तिनं कानाच्या पाळीखाली अंगठा रोवला, "कोणी तापलेल्या सुया घालून राहिलं असं. दाताचा डॉक्टर झाला, कानाचा झाला. दोघंही त्या भिंतीवरच्या डोळ्याकडं पाहतात अन् म्हणतात, शून्य आहे बाई, घरी जा."

दारावरच्या नेत्रात अक्षरं उमटली होती: वेदना शून्य, समाधान नऊ.

"पण तुम्ही हसताय."

"हसत नाही जी! होऊन राहिलं ते!" सिंधूच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसू तसूभरही हललं नव्हतं. "सासरे वारले तेव्हा मयतीत अशीच उभी होती मी. जाऊ म्हणे, सिंधूबाई, म्हातारा गेला तर लाडू वाटा आता. दोन महिने झाले, घरात कोणी बोलत नाही माझ्याशी. हे धागे काढा. हात जोडते."

धागे काढायला मंडळाची परवानगी लागे. परवानगीला वेदनेचा आकडा किमान चार लागे. आकडा द्यायचा तो नेत्रानं. परवानगीचा संकेत आल्याशिवाय शस्त्रखोलीचं दारसुद्धा उघडत नसे.

"नेत्र शून्य दाखवतोय, ताई."

"त्याले दाखवू द्या. हे पाहा." सिंधूनं सुती लुगड्याचा पदर टेबलावर टाकला. त्याच्या काठाला गाठीच गाठी होत्या. "माझी माय बाजारातून मीठ आणायची आठवण राहावी म्हणून पदराला गाठ मारायची. मी दर कळेला एक मारली. काल सकाळपासून. मोजा."

मृणालिनीनं मोजल्या. तेवीस.

*

वेदनानेत्र बनवणारा अभियंता फिरोज पठाण तळमजल्यावर बसत असे. त्यानं मृणालिनीनं आणलेला पदराचा फोटो पाहिला, मग सिंधूच्या चेहऱ्याची नोंद पडद्यावर संथ गतीनं चालवली.

"नेत्र खोटं बोलत नाही, मॅडम," तो म्हणाला. "दिसतं तेवढंच बोलतो. माणसाला दुखलं की चेहरा चार गोष्टी करतो. भुवया खाली येतात, पापण्या आवळतात, नाकाशी आठी पडते, डोळे मिटतात. या चार हालचाली मोजून तो आकडा देतो. आता तुमचे धागे काय करतात?"

"सुरकुती पडण्याआधी थोपवतात."

"कुठल्या?"

"भुवयांमधली. पापण्यांची. नाकाशेजारची..." मृणालिनी थांबली.

"म्हणजे दुखण्याचे सगळे रस्ते तुम्ही बंद केले. एक सोडून. ओठांचे कोपरे मोकळे का ठेवले?"

"मंडळाची अट होती. खिडकीवरच्या माणसाला हसता आलं पाहिजे."

फिरोजनं कपाळावर हात मारला. "झालं तर! कळ आली की आख्खा चेहरा ओढला जातो. बाकी सगळं बांधलेलं, मग उरलेल्या एका वाटेनं सगळा जोर बाहेर पडतो. जितकी कळ मोठी, तितकं हसू मोठं. आणि माझा नेत्र लिहितो, समाधान."

"आपण तीन पद्धतींची तुलना केलीच नाही, फिरोज."

"केली ना. कुठली पद्धत माणसाचं तोंड सगळ्यात पक्कं बांधते, त्याची केली. बक्षीसही तिलाच दिलं. तराजूचाच काटा शिवून टाकला आणि म्हणालो, वजन शून्य."

"कुणीतरी एकाला तरी विचारायला हवं होतं."

"कोण विचारणार? नियम तुम्हीच लिहिला, मॅडम. कलम सात. विचारलं की माणूस वाढवून सांगतो, म्हणून रुग्णाला वेदनेबद्दल विचारू नये. मंडळानं फक्त ते सगळ्या राज्याला लावलं."

 ते कलम मृणालिनीनं अभिमानानं लिहिलं होतं.

"पण माझ्या पद्धतीत मुळात कळ यायचं कारण काय?"

"नोंदीत ओढ कानाखालून सुरू होताना दिसते, म्हणजे धागे वाढताहेत. जबड्याच्या नसेला वेढा घालताहेत. नव्वद दिवसांच्या आत काढले तर नस सुटेल. नाहीतर जन्मभर." फिरोज जरा घुटमळला. "एक विचारू? कलम सात मोडून?"

"विचारा."

"तुम्ही स्वतः या पद्धतीच्या पहिल्या रुग्ण. तीन वर्षं झाली. तुम्हाला दुखतं का?"

"छे! रोज सकाळी नेत्रात बघते मी. शून्य असतं."

 फिरोज फक्त तिच्या डाव्या कानाकडे पाहत राहिला. मृणालिनीनं त्याची नजर पकडली, आणि पाळीखाली दाबलेला आपला अंगठा तिला पहिल्यांदा जाणवला. मग अंगठ्याखालचं जाणवलं. तीन वर्षं ती त्याला मानेचा ताण म्हणत आली होती, उशी बदलत आली होती. यंत्र शून्य म्हणतंय म्हणून स्वतःच्या जबड्याला तिनं खोटं पाडलं होतं.

*

पुढचे चार दिवस तिनं चोरून खरी तुलना केली. प्रत्येक पद्धतीच्या तीस माणसांना हातभर पट्टीचं कापड दिलं. कळ आली की गाठ मारा, दुसऱ्या दिवशी कापड परत द्या. बस.

त्वचाताण आणि पडदादुमडवाल्यांची कापडं नेत्राशी जुळली. जितक्या गाठी, तितका आकडा. आणि शस्त्रक्रियेला महिना उलटलेल्यांचे दोन्ही कमी. धागाउचलवाल्यांची कापडं गोळा होऊन आली. गाठीवर गाठ. एका तिकीटखिडकीवाल्याला दिलेलं कापड पुरलं नव्हतं म्हणून त्यानं आपल्या रुमालाच्या गाठी जोडल्या होत्या. ज्याच्या गाठी सर्वांत जास्त, त्याचं समाधान नेत्रात दहा.

मंडळाची सुनावणी सिंधूच्या सत्त्याऐंशीव्या दिवशी होती. त्याच बैठकीत धागाउचल राज्यभर सक्तीची व्हायची होती. खिडक्यांवरची चाळीस हजार माणसं.

सिंधू बाहेर बाकावर बसली. "मॅडम, मोठ्यानं बोला जी. मोठ्या लोकांले हळू ऐकू येत नाही," ती हसत म्हणाली. ते हसू आता मृणालिनीला वाचता येत होतं.

आत पाच सदस्य होते. मधोमध अध्यक्ष, साठीचा माणूस, चेहरा चाळिशीचा, गुळगुळीत, प्रसन्न. मृणालिनीनं नव्वद कापडं टेबलावर ओतली आणि सगळं सांगितलं. नेत्राच्या चार हालचाली, बांधलेले रस्ते, हसू, नस, नव्वद दिवस. "पहिल्या दोन पद्धती कमी टिकतात, पण दुखणं दाखवतात. माझी पद्धत दुखणं लपवते. माझी चूक आहे ही. सिंधू खोब्रागडेंचे धागे उद्या काढू द्या, आणि हा ठराव फाडा."

"डॉक्टर," अध्यक्ष हसत म्हणाले, "गाठी काय, कुणीही मारतं. यंत्राच्या आकड्यापुढं पदर आणता?"

"त्या यंत्राचेच डोळे मी शिवलेत हो! बाहेर बाई बसलीय, तिला बोलवा. विचारा!"

"विचारलं की माणूस वाढवून सांगतो. तुमचंच कलम."

मृणालिनी ओरडली. आयुष्यात ती कधी ओरडली नव्हती. टेबलावर मूठ आपटली, त्यांना खुनी म्हणाली. केंद्रात लोक कौतुकानं सांगत, मॅडम कधी चिडत नाहीत. ते का, हे तिला त्या क्षणी कळलं, कारण समोरच्या भिंतीवरचा नेत्र उजळला. मंडळात जिभेची नोंद होत नसे. जीभ खोटं बोलते. नोंद चेहऱ्याची होई.

आक्षेपकर्ती: समाधानी. समाधान दहा. आक्षेप निकाली.

चिटणीसानं ठरावाचा कागद पुढं सरकवला. चार सदस्यांनी सह्या केल्या. मृणालिनीच्या चेहऱ्यावर सुंदर, भरभरून हसू होतं आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. तिचे धागे हाडात मुरून तीन वर्षं झाली होती. ते आता निघणार नव्हते. ती मेली तरी नेत्र समाधानी लिहिणार होता.

पाचवी सही अध्यक्षांची. त्यांनी उजव्या हातात पेन उचललं. डावा हात सावकाश वर गेला आणि अंगठा कानाच्या पाळीखाली जाऊन रुतला. नखाचं टोक पांढरं पडेपर्यंत रुतला. ओठांचे कोपरे वर वर जात राहिले.

मृणालिनीनं टेबलावरचं एक कापड उचललं, बिनगाठीचं, आणि त्यांच्या सहीच्या जागेवर अंथरलं.

"तुम्हीही करून घेतलंय. धागाउचल. कधी?"

अध्यक्ष हसत होते. त्यांच्या डोक्यावरचा नेत्र दहा दाखवत होता.

"तुमच्या घरी तुम्हाला कुणी विचारत नसेल. डॉक्टर विचारत नसतील. मी लिहिलेल्या कलमामुळं. ते कलम मी आत्ता, इथं मोडते. बाहेरच्या बाईकडे तीन दिवस उरलेत, तुमच्याकडे किती ते तुम्हाला ठाऊक. यंत्राकडे बघू नका, माझ्याकडे बघा. साहेब, दुखतंय का? तोंडानं सांगा. दुखतंय की नाही?"