तीन ठोके

यातली एकही ओळ मी पदरची घातलेली नाही. माझा मावसभाऊ रुद्रेश गोव्यात केरीला पर्यटकांना समुद्राखाली नेतो. थापा मारणं त्याच्या स्वभावात नाही. चिडणं मात्र आहे.

गेल्या वर्षीचा नोव्हेंबर. मंगळवार, सकाळचे अकरा.

डिचोलीत डोंगरमाथ्यावर एक बंद खाण आहे. पाणी साचून तिचं खोल तळंच झालंय. तिथला पंपवाला भैरू, मूळचा बेळगावकडचा, चार दिवसांपूर्वी त्यात बुडाला होता. शोधणारे थकून निघून गेले. मग रुद्रेश स्वतःहून चार सिलिंडर घेऊन गेला.

भैरूच्या बायकोचं, गंगाचं, एकच मागणं होतं.

"कसाबी असू दे, भाऊ. एकदा बघू दे. मग गावाला न्हेते."

पाण्यात पंधरा फुटांखाली खनिजाच्या मातीने सगळं लाल. स्वतःचा हात दिसेना. पंपाचा लोखंडी पाइप धरून रुद्रेश तळाला जाई, चिखल चाचपे आणि रिकामा वर येई.

दोन फेऱ्या फुकट गेल्या. त्याचं डोकं फिरलं होतं.

तिसऱ्या फेरीत, अगदी तळाशी...

ठण.

ठण.

ठण.

हातातला पाइप थरथरला.

जरा वेळ काहीच नाही. मग... पुन्हा तीन.

रुद्रेश तणतणत वर आला. काठावर दोरी धरून शंभू बसला होता, त्याचा जोडीदार.

"पायपार कित्याक ठोकतंस रे? माझा डोक्या फुटायची पाळी इली!"

"मी खंय ठोकतंय? दोनय हात दोरयेर आसत माझे!"

गंगा मागे उभी होती.

"किती ठोकं?"

"तीन."

पाइपाच्या तोंडाशी अडकलेला कचरा काढायला भैरू पाण्यात उतरायचा. काठावरच्या पेटीचा दांडा ओढून मोटर चालू-बंद करायचं काम गंगाचं. त्याने खालून पाना पाइपावर दोनदा आपटला की चालू. तीनदा आपटला की बंद.

"त्या दिशी मला ऐकू आलं हुतं, भाऊ. लेकीचा फोन हुता. म्हटलं, बोलणं झालं की करीन बंद."



आणि मग... वर, भर उन्हात, सगळ्यांच्या देखत...

ठण. ठण. ठण.

पेटीची वायर अपघाताच्या दिवशीच तोडलेली होती. तरी गंगा धावली. दोन्ही हातांनी तिने दांडा खाली ओढला.

आवाज थांबला.

रुद्रेशने शेवटचं सिलिंडर पाठीवर चढवलं. आता तरी भैरू सापडेल, असं त्याला वाटलं. हवा संपत येईपर्यंत त्याने तळ वीत-वीत चाचपला. काही नाही. चप्पलसुद्धा नाही. वर येऊन त्याने सिलिंडर दगडावर आदळलं आणि पोरासारखा रडला.

जानेवारीत पाइप, मोटर, पेटी, सगळं भंगारात गेलं. गंगा मात्र तिथल्या खोपटातून हलली नाही.

मागच्या महिन्यात आम्ही दोघे जेवत होतो. रुद्रेशला तिचा फोन आला. हात खरकटे, म्हणून त्याने स्पीकर लावला.

"भाऊ, सकाळधरनं तीन-तीन ठोकं येत्यात. पेटी तर न्हेली त्यांनी. आता मी काय बंद करू?"

 

तिच्या मागून आवाज आला...

ठण.

ठण.

तिसऱ्याची वाट न बघता रुद्रेशने फोन कापला.

तेव्हापासून तो तिचा फोन उचलत नाही. यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं. माणूसच नव्हेस तू, म्हणालो मी त्याला.

तिने कुठून तरी माझा नंबर मिळवला. परवा दुपारी फोन वाजला. रुद्रेशच्या फोनमधून मी तिचा नंबर घेऊन ठेवला होता; गंगाचं नाव दिसत होतं.

मी तो वाजू दिला.