यतीनचं वन्स मोअर

विश्वास ठेवा किंवा सोडून द्या. मी ऐकीव गोष्टी सांगणारी बाई नाही. हे माझ्याच घरात घडलंय.

१९९६चा ऑगस्ट. दुबईत अल मनखूलमधला आमचा फ्लॅट. शुक्रवार, आणि चक्क भर दुपार.

माझा नवरा यतीन संगीत नाटकांचा वेडा. गाणं आवडलं की "वन्स मोअर!" ओरडणारच. रेडिओलासुद्धा! आमची पर्णिका तेव्हा बारा वर्षांची. मंडळाच्या गणपतीत तिच्या अभंगासाठी लोक जेवण सोडून थांबायचे.

शेजारी ल्युडमिला नावाची रशियन बाई पियानो शिकवायची. तिच्या भिंतीवर पणजीचा फोटो होता. वार्वारा, शंभर वर्षांपूर्वीची ऑपेरा गायिका.

ल्युडमिला सांगायची, वार्वारा आधी गावच्या चर्चमध्ये गायची, मग थेट पीटर्सबर्गच्या थिएटरात. लोक घोडे सोडून तिची गाडी स्वतः ओढायचे. पण एका प्रयोगात वरचा सूर फाटला. लोक हसले. त्यानंतर ती कधीच गायली नाही. रोज नटूनथटून बसायची... कुणीतरी परत बोलावेल म्हणून.

कुणीच बोलावलं नाही.

त्या दुपारी यतीन जेवून आडवा झाला होता. पर्णिका रियाज करत होती. एसीची घरघर थांबली...

आणि भिंतीपलीकडून गाणं आलं.

बाईचा आवाज. भाषा कळेना, तरी माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटचा सूर वर चढला...

आणि फाटला.

यतीन डोळे मिटूनच म्हणाला, "वन्स मोअर!"

"बाबा, स्टॉप इट! शी कॅन हिअर यू!" पर्णिका हसली.

पलीकडे एकदम शांतता.

मग सळसळ... रेशमी कपडा फरशीवर घासत यावा तशी. भिंतीपर्यंत.

मग भिंतीच्या अलीकडे.

पर्णिकाने गळा धरला. तोंड उघडलं... आणि तेच गाणं! माझ्या पोरीच्या तोंडून त्या बाईचा आवाज. या वेळी वरचा सूर फाटला नाही.

गाणं संपलं आणि पोर कोसळली.

मी ल्युडमिलाचं दार बडवलं. वॉचमन शौकत धावत आला. "मॅडम तो सुबह से शारजा गयी है. फ्लॅट लॉक है."

पर्णिका शुद्धीवर आली, पण गळा गेला. बोलणं घोगरं, गाणं खलास. डॉक्टरांना घशात काहीच सापडलं नाही. ल्युडमिलाने सगळं ऐकलं आणि पांढरी पडली. "तुम्ही तिला बोलावलंत?" एवढंच म्हणाली. महिन्याभरात ती फ्लॅट सोडून गेली.

यतीनने तेव्हापासून कुठल्याच गाण्याला दाद दिली नाही.

आता २००२ चालू आहे. गेल्या मंगळवारी तो दुकान बंद करून दुपारचा जेवायला आला होता. एसी थांबला...

आतल्या खोलीतून अभंग ऐकू आला. पर्णिकाचा आवाज. घोगरा नाही, तिचा लहानपणीचा, कोवळा.

"संध्या, आला गं! पोरीचा गळा आला!" यतीन रडायलाच लागला.

पण पर्णिका कॉलेजात होती. घरात आम्ही दोघंच.

अभंग संपला. यतीनचे ओठ हलले. मी झेप घेऊन त्याच्या तोंडावर हात दाबला.

"बोलू दे ना," तो हाताआडून म्हणाला. "एकदाच. परत मिळेल तिला..."

"आणि ती बाई आली तर?"

खोलीतून काहीच आवाज नव्हता. फक्त कुणीतरी आत उभं राहून वाट बघतंय, असं वाटत होतं... बराच वेळ.

तेव्हापासून दुपारी मी यतीनला घरात एकटं सोडत नाही.