भोक पडलेलं सागवानी घर

घर अजून बांधलंच नव्हतं आणि त्यात गुन्हा मात्र घडून गेला होता.

दुकानामागच्या खोलीत टेबलावर ते घर ठेवलेलं होतं. पातळ, पांढऱ्या लाकडाचं, दोन हात लांब, छप्पर वर उचलता येईल असं मॉडेल. आंधळगावचे कोशाच्या रेशमी कापडाचे व्यापारी नंदलाल निखारे यांना सगळं घर सागवानाचं हवं होतं. खांब, भिंती, अगदी पायाखालची जमीनसुद्धा. नागपूरच्या आर्किटेक्ट रेणू यांनी ते आधी छोटं करून दाखवलं होतं. आणि काल सकाळी मागच्या कोपऱ्यातल्या खोलीच्या जमिनीला चौकोनी भोक पडलेलं आढळलं.

"ही खोली माही," नंदलाल म्हणाले. "जिथं मी निजणार तिथंच भोक पाडलं. आता तुम्हीच समजून घ्या, बाई."

चंद्रकलाबाईंना समजून घ्यायचाच कंटाळा आला होता. पोलिसातून निवृत्त झाल्यावर भंडाऱ्यात त्यांनी खासगी तपासाची पाटी लावली. कामं यायची ती लग्नाच्या चौकशीची. मुलगा पितो का, मुलगी कुठे गुंतलीय का. त्यात आता हे, न बांधलेल्या घरातलं भांडण. सोबत त्यांचे यजमान कृष्णराव होते. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाल्यापासून ते प्रत्येक तपासाला यायचे आणि नाव घेतलेल्या पहिल्याच माणसाला गुन्हेगार ठरवून मोकळे व्हायचे.

"संशय कोनावर?" बाईंनी विचारलं.

"संशय कायचा, माहीतच हाय. माहा लहान भाऊ, भूषण. त्याले सिमेंटची बिल्डिंग पाहिजे. परवा सगळ्यांसमोर भांडला माह्यासंग. आन् हे पाहा." नंदलालनी कटर पुढे केला. "दुकानातला कापड कापायचा कटर. मॉडेलजवळ पडून होता. तुम्ही फक्त पक्कं करून सांगा. अशा मानसासंग मी एका छपराखाली राहत नाई. त्याचं सामान टेम्पोत भरणं सुरू हाय."

"झालं की मग," कृष्णराव पुटपुटले.

"घरात तुमचे बाबा आहेत ना? त्यांना माहीत आहे?" बाईंनी विचारलं.

"नाई. त्यांचं बीपी वाढते. मॉडेल नागपूरले नेलं, दुरुस्त होऊन येते, इतकंच सांगतलं."

बाईंनी चष्मा लावला. भोक रुंदीला कमी, लांबीला जास्त, कडा साफ. खिडकीला अगदी लागून. बैठकीच्या खोलीत मात्र जमिनीवर गोंदाचे डाग होते.

"इथं काय होतं?"

"माग," टेबलापाशी उभ्या असलेल्या रेणू म्हणाल्या. "नंदलालजींच्या बाबांचा हातमाग. नव्या घरात तो शोभेसाठी बैठकीत ठेवायचा ठरला होता. मी काड्यांचा छोटा माग करून चिकटवला होता. तो भोकाजवळ पडलेला सापडला. हा बघा."

चार काड्यांचा तो माग बाईंनी तळहातावर घेतला. त्यावर ताणलेला एकही दोरा तुटलेला नव्हता.

"घर जमिनीपासून उंच घेतलंय का?"

"हो, खांबांवर. खालून हवा खेळते, लाकूड टिकतं. सगळीकडे फळ्यांचीच जमीन."

"घरातल्या प्रत्येकाला विचारलंत, काय पाहिजे म्हणून?"

रेणू जरा अडखळल्या. "नंदलालजींनी सांगितलं ना, सगळ्यांच्या वतीने."

स्वयंपाकघरात नंदलालची बायको कौशल्याबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर न बघताच उत्तर दिलं. "मले इचाराल तर लाकडाचं घरच नोको. उधई लागली, लाकूड पोखरलं म्हणजे निस्तरायचं कोनं? पन भोक मी कायले पाडू बापा? ते खोली माहीबी हाय नं."

"या बाईला राग आहे," बाहेर येताच कृष्णराव म्हणाले.

"अहो, प्रत्येक घरातल्या प्रत्येक बाईला असतो."

अंगणात भूषण टेम्पोवर गाद्या चढवत होता. पस्तिशीचा, बारीक, घामाघूम.

"तू केलं का रे हे?"

"दादा म्हणते तर मीच केलं."

"काहून?"

"राग आला म्हणून. लिहून घ्या." तो गाठ आवळायला वळला आणि तिथूनच म्हणाला, "बाबाले काई इचारू नका. त्यांचं काई नाई याच्यात."

"कबूल झाला!" कृष्णराव खूष झाले. "आता अडीचची गाडी मिळते."

"मिळेल," बाई म्हणाल्या, आणि नेमक्या बाबांच्याच खोलीकडे निघाल्या.

सगळ्या घरात चकचकीत टाइल्स होत्या, ही एक खोली तेवढी मातीची, शेणाने सारवलेली. उत्तरेच्या खिडकीखाली नंदलालचे वडील परसराम हातमागावर विणत बसले होते. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय, पायांखाली दाबायच्या फळ्या. म्हातारा कमरेपासून वरच तेवढा दिसत होता. मागाचा एक खांब डुगडुगू नये म्हणून त्याच्या बुडाशी पातळ, पांढऱ्या लाकडाची कोरी चिपटी सारलेली होती.

"नवं घर आवडलं का, बाबा?" बाईंनी विचारलं.

"पोरायनं हौसेनं मांडलं. माग तर बैठकीत ठेवला, येनारा-जानारा पाहीन म्हणते. नाई कसं म्हनू?" धोटा इकडून तिकडे गेला. "नागपूरले नेलं म्हने दुरुस्तीले. आता बरोबर होऊन येईन."

हे सांगताना म्हातारा खुदकन हसला. चंद्रकलाबाईंना एकदम फार थकल्यासारखं झालं. असं हसणारा माणूस गुन्हेगार नसतो, आणि आता त्याच्यासमोर सगळं उघडं करायचं त्यांच्याच नशिबी होतं.

भूषण टेम्पोपाशीच राहिला; बाकी सगळ्यांना त्यांनी मॉडेलपाशी बोलावलं. परसरामांनाही.

"बाबाले कायले?" नंदलाल कुजबुजले.

"त्यांच्याशिवाय हे सुटत नाही." बाई खुर्चीत बसल्या. गुडघे दुखत होते. "रागावलेला माणूस मोडतोड करतो. इथं बैठकीतला माग गोंदातून सोडवला, पण दोरा तुटला नाही. म्हणजे तो फेकला नाही, तर उचलून दुसऱ्या खोलीत नेला. आणि नेला तिथंच भोक पाडलं. लांबट, साफ, खिडकीजवळ. ज्याला नंदलालची खोली बिघडवायची तो एवढी निगा कशाला राखेल?"

"मग काय केलं त्याने?" कृष्णरावांनी विचारलं.

"खड्डा खणला. तुमचा माग खड्ड्याचा आहे, नंदलाल. विणणाऱ्याचे पाय जमिनीत जातात. रेणूबाईंनी घर खांबांवर उचललं, खाली फळ्या टाकल्या. त्या फळ्यांवर माग दिसेल छान, पण त्यावर एक बोट कापड निघणार नाही. त्यांना हे माहीत नसणार. तुम्ही तर मागाजवळ रांगलात. तुमच्याही ध्यानात आलं नाही?"

नंदलालनी मॉडेलमधल्या फळ्यांवरून बोट फिरवलं.

"खिडकीचं म्हणाल तर, बाबा आज उत्तरेच्या खिडकीखाली बसतात. मॉडेलमध्ये उत्तरेची खिडकी कोणत्या खोलीला आहे?"

"याच," रेणू हळूच म्हणाल्या. "एकट्या याच खोलीला."

"कटर दुकानात कुणाच्याही हाताला लागतो. पण कापलेला तुकडा कुठे गेला? विणकर लाकूड वाया घालवत नाही. तो मागाच्या खांबाखाली सारलेला आहे, मी आत्ता पाहिला. भूषणने माझ्याआधी पाहिला, म्हणून त्याने दोष स्वतःवर घेतला."

सगळे परसरामांकडे बघायला लागले. म्हातारा गोंधळला होता.

"हाव, मीच कापलं. चोरून कायले कापू? तोंडानं सांगतलं असतं तर तुमची हौस मोडली असती. म्हटलं, हातानं दाखवतो, पोरगं समजून घेईन. तू दुरुस्तीले पाठवलं म्हनून सांगतलं, तवा मले वाटलं, समजलं याले." मग त्यांची नजर दारातून टेम्पोवर गेली. "हे सामान कोनाचं?"

शेवटी कौशल्याबाईंनीच सांगितलं, भूषणचं, आणि का ते.

नंदलाल अंगणात गेले, मागोमाग बाकीचेही. चालताना त्यांचा पाय उंबऱ्याला लागला. "भूषण, चुकलं माहं. उतरव सामान."

भूषणचा आवाज चढला नाही. "मले इचारायले बाहेरची बाई आनावी लागली तुले? मी घरातच होतो नं, दादा."

"आता म्हणून राहिलो नं. चाल घरात."

भूषणने गादी खांद्यावर घेतली. दोन पावलं चालून थांबला.

"नव्या घरात माही खोली कोनती?"

नंदलालनी रेणूंकडे पाहिलं. रेणूंनी मान खाली घातली. "तुम्ही काल सकाळीच फोन केला होतात. भूषणजींच्या दोन्ही खोल्या काढा म्हणून. मी नकाशा बदलला."

काल सकाळी. म्हणजे तपासाला माणूस शोधायच्याही आधी.

भूषणने गादी परत टेम्पोत ठेवली. नंदलाल काहीतरी बोलत होते, खोल्या पुन्हा घालू, मोठ्या करू, पण ते कुणाला ऐकू जातंय असं दिसत नव्हतं.

परसरामांनी दारातल्या चपला पायात सरकवल्या, अंगण ओलांडलं आणि ड्रायव्हरच्या शेजारी चढून बसले.

"चाल रे, भूषण," ते म्हणाले. "जिथं मातीची जमीन भेटंन, तिथं थांबू."