उनाडरावांचं अतिक्रमण

शिवकांता सकाळी सहा वाजल्यापासून एका रिकाम्या ड्रममध्ये बसली होती. तिला चोर पकडायचा होता. चोर तसा उलटा होता. तो काही नेत नव्हता, पाणी आणून ओतत होता!

ड्रम रिकामा होता यात नवल काहीच नव्हतं. लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती आणि त्यातली दोन पाऊस रजेवर होता. नव्या जिल्ह्याच्या नोकरदारांसाठी गावाबाहेर ऐंशी क्वार्टर बांधले होते. सुट्टी लागल्यावर त्यांतली अकराच घरं उघडी राहिली. उरलेल्या एकोणसत्तर दारांना कुलपं. हाक मारली की त्या सगळ्या घरांतून उत्तर यायचं, पण आवाज आपलाच असायचा. दिवाळीत वडिलांची हदगावहून बदली झाल्यापासून बारा वर्षांच्या शिवकांताने ते उत्तर पुष्कळदा ऐकलं होतं.

म्हणून ती झाडांशी बोलायची. झाडं दोनच होती, टोमॅटोची. हदगाव सोडताना तिने आणि गुणाने, म्हणजे तिच्या जिवलग मैत्रिणीने, नांदेडच्या प्रदर्शनातून आणलेलं बियांचं पाकीट निम्मंनिम्मं केलं होतं. पाकिटावरच्या चित्रात टोमॅटोची एकच चकती अख्ख्या पावाला पुरून उरली होती.

"आपण भाकरीवर ठेवून बघू!" गुणा म्हणाली होती. तसा करार झाला होता.

एक रोप शिवकांताने तेलाच्या डब्यात लावून खिडकीत ठेवलं. त्याचं नाव घरकोंबडा. दुसरं क्वार्टरमागे, लिंबाच्या विरळ सावलीत. त्याचं नाव उनाडराव. घरकोंबड्याला बंद घरात वारा मिळत नसे, त्यामुळे त्याची फुलं नुसतीच गळायची. मग ती रोज सकाळी एकेका फुलाला बोटाने हलकेच टिचकी मारायची. "उठा, शाळेची वेळ झाली," असंही म्हणायची.

शिवरात्रीनंतर टँकर तीन दिवसांआड यायला लागला. आई म्हणाली, "झाडांना दिवसाला एक तांब्या. दोघांत मिळून!" एका तांब्यात एकच झाड जगलं असतं. शिवकांताने उनाडरावाची रीतसर माफी मागितली आणि त्या बाजूला जायचंच सोडलं. मरताना बघवत नाही, झाड असलं तरी.

मग गुणाचं कार्ड आलं. "विहीर आटली. माझी सगळी रोपं वाळली. एक घरात ठेवलेलं, ते बकरीनं खाल्लं. तुझा एक तरी टमाटा पिकव आणि घेऊन ये. इथं बोलायला कुणीच न्हाई."

शेवटची ओळ शिवकांताने चार वेळा वाचली. ती तिने स्वतःच लिहिल्यासारखी वाटत होती.

सुट्टीच्या पहिल्या दिवशी तिने धीर करून क्वार्टरमागे पाहिलं, आणि तिथे उनाडराव कमरेएवढे उभे! अंगावर एकच टोमॅटो, पण तांब्याएवढा. हिरवा, आणि इतक्या वळ्यांचा की लग्नाचं जेवण जेवून बसल्यासारखा. बुडाशी माती ओली!

दीड महिना त्याला पाणी घालत होतं कोण? या अकरा घरांत कुणीतरी होतं. आपल्यासाठी गुपचूप पाणी ओतणारं कुणीतरी! त्या आनंदात ती दोन दिवस नीट जेवली नाही आणि तिसऱ्या दिवशी ड्रममध्ये जाऊन बसली.

"ड्रमात काय करून राहिलीस?"

वर एक मुलगा डोकावत होता. त्याच्या कडेवर एक छोटी मुलगी होती.

"पाणी ओतणाऱ्याला पकडून राहिले. तू कोण?"

"सिद्धेश्वर. बावीस नंबर. उदगीरहून पंधरा दिवसांमागं आलो. ही बहीण, नीलम्मा. मी तुझ्यावर तीन दिवसांपासून पाळत ठेवून हाय." सिद्धेश्वर सगळं रेडिओवरच्या बातम्या वाचल्यासारखं सांगायचा. "मला वाटलं तू टँकरचं पाणी चोरून राहिलीस."

"म्हणजे... तू ओतत न्हाईस?"

"आम्हाला प्यायला न्हाई! तुझ्या झाडाला काय ओतू, घाम?"

शिवकांताचा चेहरा उतरला. तेवढ्यात कडेवरून उतरलेली नीलम्मा जमिनीला कान लावून ओरडली, "दादा! जमीन पाणी पिऊन राहिली!"

तिघांनी कान लावले. गुळगुळ... गुळगुळ! शिवकांताने उलथनं आणलं. हातभर उकरल्यावर खण्णकन वाजलं. लोखंडी पाइप होता, खालून कुठेतरी फुटलेला, आणि चिखल थंडगार.

म्हणजे तिचा गुप्त दोस्त पाइप होता. शिवकांता उलथन्याला लागलेला चिखल उगाचच पुसत बसली.

"वाईट वाटून घेऊ नको," सिद्धेश्वर म्हणाला. "माझा एक दोस्त होता उदगीरला, तो पाइपाएवढंबी बोलत नव्हता."

तिला हसू आलं. फार दिवसांनी.

"आता गप बसायचं," तो म्हणाला. "टमाटा पिकायला दहा दिवस लागतील. मग सांगू पाइपाचं."

ते शिवकांताला पटलं. दुपारपर्यंत पटलेलं होतं. दुपारी टँकर आला. रांगेत शेवटी तीन नंबरच्या भामाबाई होत्या, एकट्याच राहणाऱ्या. त्यांची घागर नळीखाली आली आणि टँकर संपला.

"राहू द्या," भामाबाई म्हणाल्या. "घोटभर हाय घरात." आणि रिकामी घागर तशीच कडेवर घेऊन निघाल्या, भरल्यासारखी जपून.

शिवकांता सिद्धेश्वरकडे वळली. "दहा दिवस थांबता येणार न्हाई."

"पाइप दुरुस्त केला तर झाड मरंल."

"हाव. ठाऊक हाय."

पाणीखात्याच्या नव्या कचेरीत बसलिंगप्पा नावाचे कारकून पान लावत होते.

"पाइप? तिथं पाइप न्हाई."

"आम्ही हात लावून बघितला, काका!"

"नकाशात न्हाई."

"नकाशा कुठं हाय?"

"तोच न्हाई. जिल्ह्याची वाटणी झाली तवा नकाशांची पेटी जुन्या जिल्ह्यात राहिली. आमच्या वाट्याला खुर्च्या आल्या."

"मग तिथं पाइप न्हाई हे कसं कळलं?"

"नकाशात दिसत न्हाई म्हणून!" बसलिंगप्पांनी पान तोंडात टाकलं. बोलणं संपलं.

बाहेर पडताना सिद्धेश्वर भिंतीजवळ थबकला. तिथे पाटी होती : 'सरकारी जागेवरील अतिक्रमण कळवा. चोवीस तासांत कारवाई.'

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. शिवकांताने वहीचं पान फाडलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं :

"महोदय, क्वार्टर नंबर सतराच्या मागे उनाडराव यांनी सरकारी जागेत पाय रोवले असून ते हलायला तयार नाहीत. दीड महिना ते सरकारी पाणी फुकट पीत आहेत. तरी त्यांना मुळासकट काढावे."

सही करताना तिचा हात थांबला. टोमॅटो उद्या सकाळी तोडून ठेवू, तोवर आणखी एक दिवस त्याला झाडावर मिळेल, असा तिने हिशेब केला आणि सही ठोकली.

पाटीवर चोवीस तास लिहिलं होतं. ते दोन तासांत आले! वीरण्णा साहेब, बसलिंगप्पा, टेप धरणारे दोन आणि कुदळवाला एक.

"कुठाय तो उनाडराव?" साहेब गरजले.

शिवकांताने बोट दाखवलं.

"हे झाड हाय!"

"हाव साहेब. पण उठून जात न्हाई."

साहेबांनी झाडाकडे पाहिलं, मग सोबतच्या चार माणसांकडे. एवढी फौज रिकाम्या हाताने परत न्यायची कशी? "आलोच हाय तर काढा!"

कुदळ पडली आणि उनाडराव आडवे झाले. दुसऱ्या घावाला पाण्याचा फवारा उडाला, तो थेट साहेबांच्या टोपीपर्यंत!

"पाणी! पाणी!" नीलम्मा बोंबलत सुटली. अकरा घरांतली माणसं घागरी, पातेली, एकजण तर बरणी घेऊन धावली. जिल्हा होण्याआधीची पाइपलाइन होती ती. तिच्यावरच क्वार्टर बांधले होते. पहिली घागर भामाबाईंची भरली.

शिवकांता मुळांची माती हातात धरून उभी होती. इतकी माणसं तिने इथे प्रथमच एकत्र पाहिली. आणि तेवढ्यात बसलिंगप्पांनी टोमॅटो उचलला!

"तो माझा हाय!"

"पंचनाम्यात आला. 'एक झाड, एक फळ, अर्धवट पिवळं.' मुद्देमाल हाय हा. पाइपाची चौकशी होईस्तोवर कपाटात राहील."

चौकशी नऊ दिवस चालली. शिवकांता रोज कचेरीत जाऊन कपाटाकडे बघून यायची. रोज सिद्धेश्वर आणि नीलम्माही सोबत असायची, हे चौथ्या दिवशी तिच्या लक्षात आलं.

दहाव्या दिवशी, जिथे उनाडराव उभे होते तिथेच, नळ बसला. लोक जमले. वीरण्णा साहेब म्हणाले, "चार वर्षं आम्ही नकाशा शोधून राहिलो. या पोरांनी पाइपच शोधला! शाबास!" भामाबाईंनी तिघांच्या कपाळाला विभूती लावली. "लेकरं न्हाईत, भगीरथ हायत," म्हणाल्या.

मग बसलिंगप्पांनी फायलींमधून काढलेला टोमॅटो आणला. कागदांच्या उबेत तो लालभडक पिकला होता! "आमच्या कपाटात गेलेली वस्तू पहिल्यांदाच सुधारून बाहेर आली," ते म्हणाले आणि त्यांनी पोचपावतीवर तिची सही घेतली.

दुसऱ्या दिवशी शिवकांता वडिलांबरोबर एस.टी.त बसली. खिडकीखालून सिद्धेश्वर म्हणाला, "घरकोंबड्याच्या फुलांना रोज टिचकी मारतो. काय बोलायचं असतं त्यांना?"

"'उठा, शाळेची वेळ झाली.'"

"सुट्टीत? मार खाशील."

हदगावला गुणाने तव्यावरून गरम भाकरी उतरवली. शिवकांताने विळीवर चकती कापली आणि भाकरीवर अलगद ठेवली. दोघी खाली वाकल्या.

"बोटभर कमी हाय," गुणा म्हणाली.

"टमाटा बरोबर हाय. तुझी भाकरीच मोठी हाय."

"नऊ दिवस कपाटात उपाशी ठेवल्यावर वाळंल न्हाई तर काय!" पोचपावतीवरच्या तारखा मोजून गुणा म्हणाली.

दोघी खूप वेळ हसल्या. मग गुणाने बिया पोचपावतीच्या कागदावर पसरून उन्हात ठेवल्या आणि बोटाने दोन वाटे करायला घेतले.

"तीन कर," शिवकांता म्हणाली. "बावीस नंबरलाबी द्यायच्या हायत."

गुणाचं बोट क्षणभर थांबलं. "कोण राहतं तिथं?"

"सांगते," शिवकांता म्हणाली, आणि पाय पसरून बसली.