चारशे तेहतीसचा सूर

मी भित्री नाही, हे आधीच सांगून ठेवते. त्या गुरुवारी काय झालं ते ऐका, आणि मग मला वेडी म्हणायचं तर खुशाल म्हणा.

सकाळी मी बोरसोक तळले. आमच्या काराकोल गावात गेलेल्या माणसांसाठी दर गुरुवारी कढईत तेल तापवून पिठाचे तुकडे तळतात. तळणीचा वास त्यांच्यापर्यंत पोचतो म्हणे. माझा थोरला भाऊ मक्सात जाऊन सात महिने झाले होते आणि एवढ्या दिवसांत मी एकदाही तेल तापवलं नव्हतं. माझ्या नवऱ्याला, कुबातला, तो वास घरात खपत नाही. त्या दिवशी मात्र मी त्याचं ऐकलं नाही. कुबातने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं गाणं रचलं होतं. ते ध्वनिमुद्रित करून दुपारीच तो बिश्केकला एका चित्रपटवाल्याकडे निघणार होता. भावाला कळू दे, एवढंच माझ्या मनात होतं.

त्याची ध्वनिमुद्रणाची खोली जुन्या सांस्कृतिक केंद्राच्या तळघरात आहे. भिंतींना नमद्याचे, दाबलेल्या लोकरीचे, जाड गालिचे ठोकलेत, त्यामुळे आतला आवाज आतच मरतो. भर दुपारी तिथे दिवा लागतो. गिटार मी वाजवणार होते, कारण कुबातचा हात दगडी आणि माझा हात मक्सातने घडवलेला. मक्सातची स्वतःची गिटार घरी भिंतीवर होती. तो गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी मीच तिच्या तारा सैल केल्या होत्या, आमच्या घरात तसंच करतात.

खोलीतला संगणक मात्र मक्सातचाच होता. कुबात तो घेऊन आला तेव्हा भावाचं त्यात काहीच उरलं नव्हतं, सगळं आधीच पुसलेलं होतं, असं त्याने मला सांगितलं. मी रडले होते आणि त्याने माझी समजूत घातली होती.

तर, मी तारा लावल्या. दांड्याला चिमट्याने अडकवायचं छोटं यंत्र असतं, त्यावर सहाही तारा बरोबर होत्या. पण संगणकातला सूर मोजणारा ट्यूनर सगळ्या तारा चढ्या दाखवत होता. एखादी असती तर समजलं असतं, पण सहाच्या सहा, आणि सारख्याच चढ्या.

कुबातने आधी माझ्यावर ढकललं. तुझे कान तेलकट झालेत, म्हणाला. मग वायर बदलली, ती संगणकाला जोडलेल्या पेटीच्या दुसऱ्या भोकात खुपसली, नव्या तारा चढवायला लावल्या. मुद्रणाचा वेग त्या पेटीत एक आणि संगणकात दुसरा तर नाही ना, तेही पाहिलं. शेवटी ट्यूनरच्या खिडकीच्या कोपऱ्यात आकडा सापडला. तिथे चारशे चाळीस हवं, ज्यावर जगभर सूर लावतात. तिथे होतं चारशे तेहतीस.

मला हसूच आलं. आमच्या आईचा अकॉर्डियन जुना, त्याचा सूर उतरलेला. मक्सातने एकदा तो मोजला होता, चारशे तेहतीस. घरात आम्ही सगळे त्यालाच तारा लावायचो. मी तसं कुबातला सांगितलं. तो हसला नाही. त्याने आकडा चारशे चाळीसवर नेला, खिडकी बंद करून उघडली. चारशे तेहतीस. त्याने तो ट्यूनरचा प्लगइनच काढून टाकला, दुसऱ्या कंपनीचा नवा बसवला. चारशे तेहतीस.

एव्हाना मला गरम तेलाचा वास यायला लागला होता. मी बरोबर आणलेल्या पिशवीतले बोरसोक केव्हाच गार झाले होते.

"वायर काढ," कुबात म्हणाला.

मी वायर काढून जमिनीवर ठेवली. गिटार भिंतीला टेकवली. खोलीत कसलाही आवाज नव्हता, आणि ट्यूनरचा काटा हलला. सुराचं एक अक्षर उमटलं. मग दुसरं. मी वाचत गेले आणि नकळत गुणगुणायला लागले. ते कुबातचंच गाणं होतं. पहिलं कडवं, दुसरं कडवं. तिथे त्याचं गाणं संपतं.

काटा थांबला नाही.

पुढचे सूरही मी गुणगुणले आणि ते ओळखीचे निघाले. कणीक मळताना आई जी अंगाई म्हणायची, तिचं वळण होतं ते. कुबातने माझी आई पाहिलेलीसुद्धा नाही.

"हे... हे कसं शक्य आहे," तो कुजबुजला. त्याचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. "तो शेवट मी पुसला होता..."

काटा मधोमध येऊन स्थिर झाला.

"अजून काय काय पुसलंस?" मी विचारलं.

"आयसुलू, ऐक..."

"गाण्याला मक्सातचं नाव लाव. मी काही बोलणार नाही."

"मेलेल्याला नाव घेऊन काय करायचंय?" तो म्हणाला. माझ्याकडे न बघता त्याने आधीच्या कच्च्या मुद्रणाचा पेनड्राइव्ह खिशात टाकला, गाडीची किल्ली घेतली आणि जिना चढून गेला. ज्या माणसाच्या खांद्यावर मी भावासाठी रडले, त्याच माणसाने भावाला लुटलं होतं. आणि माझ्याच हातांनी ते वाजवून घेणार होता. मला त्या काट्याची भीती वाटली नाही. कुबातच्या पाठीची वाटली.

मी चालतच घरी आले. बर्फ पडून गेला होता, ऊन होतं. दार उघडलं तर घरभर तळणीचा वास, सकाळपेक्षा दाट. भिंतीवर मक्सातची गिटार जागेवरच होती, पण तारा ताणलेल्या होत्या. मी पाचवी तार छेडून तिचा सूर कुठल्या मापाला लावलाय ते मोबाईलवर मोजलं. चारशे तेहतीस. मग एकेक करून बाकीच्या पाहिल्या. सगळ्या सुरात होत्या.

फक्त सहावी, सगळ्यांत जाड तार, गिटारवर नव्हतीच. तुटलेली नव्हती, कुणीतरी खुंटीवरून नीट उलगडून काढलेली. मी पलंगाखाली, कपाटामागे सगळीकडे शोधली.

मग कुबातला फोन लावला. तो एव्हाना बिश्केकच्या वाटेवर, सरोवराच्या कडेच्या रस्त्याला लागला असणार. बराच वेळ घंटी वाजली. मग कुणीतरी फोन उचलला. पलीकडे फक्त एक जाड तार हळूहळू ताणली जात होती, सूर चढत चढत येत होता, लावताना येतो तसा.

मी फोन ठेवला. परत लावला नाही.