शून्य प्रवाशांची वस्ती

खडकमाळाच्या नाक्यावर बस रोज रिकामी व्हायची, तिथंच वळायची आणि शहराकडे परत जायची. ड्रायव्हर नसलेली, विजेवर चालणारी, वाटेतली कुत्री-मांजरंसुद्धा ओळखून थांबणारी ती बस माळावरच्या वस्तीपर्यंतचा पुढचा दीड किलोमीटरचा चढ मात्र कधी चढत नसे. का, हे कोडं सरूला चार वर्षांत सुटलं नव्हतं.

सरू सातवीत होती. आठवड्यातून तीनदा शाळा सुटली की ती आबांना, म्हणजे आजोबांना, दवाखान्यात न्यायची. आबांनी तीस वर्षं दगडखाणीत काढली होती आणि खाणीतली धूळ त्यांच्या छातीत मुक्काम करून बसली होती. आता, २०५८ साली, फुप्फुसं स्वच्छ करणारं यंत्र निघालं होतं. पण ते शहरात होतं. जाताना चढ उतरायचा, येताना तोच चढायचा. दर वीस पावलांवर आबा थांबत. मग सरूही थांबे.

एका गुरुवारी परत येताना आबा नाक्यावरच्या बाकावर टेकले ते उठेचनात.

"सरू, आता पुरे," ते म्हणाले. "यंत्र जेवढा श्वास देतं, तेवढा हा चढ काढून घेतो. मी नाही येत यापुढं."

सरूला रडू आलं नाही, ती फार दमली होती. ती सरळ चौकशीच्या खिडकीपाशी गेली. तिथं एक जुना यंत्रमानव बसायचा. पूर्वी तो तिकिटं द्यायचा म्हणून त्याला तिकीटराव म्हणत. तिकिटं गेली, नाव राहिलं.

"तिकीटराव, बस वर का येत नाही? खरं सांगा."

"चढासाठी जास्त ताकदीच्या बसगाड्या हव्यात, रस्ता रुंद हवा आणि माळावर चार्जिंगची सोय हवी," तो सावकाश म्हणाला. "महापालिकेचा पैसा पाणी, कचरा, दिवे, पगार यांत जातो. एवढं मोठं काम तिला एकटीला झेपत नाही. म्हणून ती राज्याच्या वाहतूक निधीकडे अनुदान (एखाद्या ठरावीक कामासाठीच मिळणारी, परत न करायची रक्कम) मागते."

"परत करायची नसते? मग मागा की!"

"तीनदा मागितलं. पण निधी एक आणि मागणारी शहरं पन्नास. म्हणून प्रत्येक अर्जाला गुण देतात, तुमच्या परीक्षेसारखे. शहर स्वतःचा हिस्सा घालणार का, धूर किती कमी होईल, लोक किती प्रवास करतील, हे सगळं बघतात."

"आपल्याला किती मिळाले?"

"प्रवाशांच्या रकान्यात शून्य."

"शून्य? आमच्या माळावर माणसं राहत नाहीत का?"

"प्रवासी बसच्या दारातला संवेदक (हालचाल टिपणारा यंत्राचा डोळा) मोजतो. माळावर बस नाही. बस नाही, म्हणून दार नाही. दार नाही, म्हणून मोजणी नाही."

"आणि मोजणी नाही म्हणून बस नाही!" सरू ओरडली. बाकावरच्या आबांनी मान वर केली.

तिकीटरावनं खिडकीतला पडदा उजळला. त्यावर महापालिकेच्या वाहतूक विभागाच्या खेडलेकर मॅडम दिसल्या. अनुदानाचे अर्ज त्याच लिहायच्या. त्यांचे डोळे लाल झाले होते, समोरचा चहा निवला होता. सरूचं बोलणं त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"मलाही ते शून्य खटकतं गं," त्या म्हणाल्या. "पण निधीवाले पुरावा मागतात. अर्जाला पंधरा दिवस उरलेत आणि माझ्याकडे माणसं नाहीत."

"बसमधली नाही, तर चढावरची माणसं मोजा ना. मी मोजते."

मॅडमनी आठवडाभरासाठी तिकीटरावला चढाच्या मध्यावर बसवायची परवानगी दिली. तो येणारे-जाणारे मोजायचा. सरू आणि तिच्या वर्गातल्या मुली कुठं, कशाला चाललात ते विचारायच्या. आठवडाअखेर आकडा आला: रोज सहाशे बारा.

"पण हेही पुरं नाही," सरू म्हणाली. "जे उतरतच नाहीत त्यांचं काय?"

मग मुली घरोघर फिरल्या. चढामुळं घरीच राहिलेले त्र्याहत्तर जण निघाले. मॅडमनी अर्जात त्यांच्यासाठी वेगळा रकाना केला: दडलेली मागणी (सोय नसल्यामुळं दिसत नाही, पण असते ती गरज). यादीत पहिलं नाव आबांचं होतं. पुढं लिहिलं होतं, 'उपचार सोडले.'

आबांनी ते वाचलं आणि चपला पायांत सरकवल्या. "खोड ते. आज जाऊ या."

"जाऊ या. पण खोडणार नाही," सरू म्हणाली. "त्या आठवड्यात तुम्ही गेला नव्हता, हे खरंय."

निकाल यायला पाच महिने लागले. अनुदान मंजूर झालं, पण चार बसगाड्या मागितल्या होत्या, दोनच मिळाल्या. पैसेही हप्त्यानं येणार होते: आधी रस्ता करायचा, तो झाल्याचा दाखला द्यायचा, मग गाड्यांचे पैसे. बस धावायला अजून वर्ष होतं.

"वर्षभर!" सरू नाक्यावरच्या बाकावर मटकन बसली. "आणि गाड्या दोनच?"

"अनुदान असंच येतं, तुकड्यातुकड्यानं," खेडलेकर मॅडम शेजारी बसत म्हणाल्या. बातमी सांगायला त्या स्वतः आल्या होत्या. "तोवर दवाखान्याची गाडी आठवड्यातून दोनदा माळावर पाठवायला मी मान्यता मिळवलीय. तुमची यादी दाखवली, तेव्हा कुणी नाही म्हणालं नाही."

आबांनी एक लांब श्वास घेतला आणि तो हळूच सोडला.

मॅडमनी पिशवीतून नवी फाईल काढली. "नदीपलीकडं कुंभारटेक आहे. त्यांच्याही रकान्यात शून्य आहे. मी आता खरंच थकलेय, सरू. कशी सुरुवात करू?"

सरूचे पाय दुखत होते. तरी तिनं फाईल मांडीवर ओढून घेतली.

"आधी घरोघर जाऊ," ती म्हणाली, "जे बाहेरच पडत नाहीत, त्यांच्याकडं."